‘आपलं हॉस्पिटल’ म्हणजे चांगलं हॉस्पिटल नव्हे

नगरमध्ये कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “तिथे आपलं कोण आहे?” डॉक्टर आपला आहे का, मालक आपल्यातला आहे का, निदान नगरसेवकाची ओळख चालते का. मुकुंदनगर असो, कोठला असो की झेंडीगेट, खाट मिळण्याआधी ओळख शोधली जाते. रात्रपाळीला शिकलेली नर्स असते का, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, हे कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: ही सवय आपल्याला महागात पडते आहे आणि ती मोडण्याचं काम तरुणांचं आहे.

ही सवय कुठून आली हे मला कळतं. काउंटरवर नाव सांगितल्यावर समोरच्याचा आवाज बदलतो, हा अनुभव खोटा नाही. 2020 मध्ये करोनाच्या नावाखाली आपल्याला काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते मुकुंदनगरला कुणी सांगायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात परदेशी तबलीगींवर गुन्हे दाखल झाले. ते 21 ऑगस्ट 2020 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचं मत नोंदवलं. अशा वातावरणात माणूस ओळखीचा आसरा शोधणारच.

पण आसरा वेगळा आणि उपचार वेगळा. माझ्या खालाला आम्ही शहरातल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं. मालक ओळखीचे, बोलणं गोड, सलाम-दुआ भरपूर. रात्री मात्र संपूर्ण मजल्यावर एकच मुलगी. तिला मी शिक्षण विचारलं. बारावी झाली होती आणि काम बघून बघून शिकली होती. सलाईन लावणं, इंजेक्शन देणं, ऑक्सिजन बघणं, सगळं तिच्याच अंगावर. दोष त्या मुलीचा नव्हता. कमी पगारात नर्स मिळवायचा तो धंद्याचा मार्ग होता. मी तक्रारीची गोष्ट काढली, तर घरचेच म्हणाले, “जाऊ दे, आपलेच आहेत.” हे चार शब्द आपल्या समाजात किती चुका झाकतात, याचा हिशोब कुणी ठेवला आहे का?

आणि प्रश्न फक्त खासगीचा नाही. 6 नोव्हेंबर 2021 रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयात करोना रुग्णांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान 11 जण गेले. त्याच वर्षी 9 जानेवारीला भंडाऱ्यात आगीने 10 नवजात बाळं नेली होती. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले होते. तरीही दहा महिन्यांत नगर घडलं. अटक झाली ती एका महिला डॉक्टरला आणि तीन परिचारिकांना. वॉर्ड सुरू करताना आगीपासून बचावाची व्यवस्था कुणी तपासली, हा प्रश्न मात्र काही दिवसांत विरून गेला. आपण श्रद्धांजलीचे स्टेटस ठेवले आणि पुढे गेलो.

शेजारच्या बीडकडे बघा. 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. ऑपरेशन खरंच गरजेचं होतं का, दुसरा उपाय होता का, हे विचारण्याची ताकद त्या बायकांकडे नव्हती. आपल्याकडे ती आहे. आपण शिकलोय, मोबाइल हातात आहे. तरी भरतीच्या फॉर्मवर न वाचता सही करतो.

कायदा नाही असं म्हणू नका. महाराष्ट्रात नर्सिंग होम नोंदणीचा कायदा 1949 पासून आहे आणि जानेवारी 2021 मध्ये त्याचे नियम सुधारले. नोंदणीचं प्रमाणपत्र, रुग्ण हक्कांची सनद आणि मुख्य सेवांचे दर दिसेल अशा ठिकाणी लावायचे असतात. बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मयताला अडवून ठेवता येत नाही. तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे करता येते. उपचाराची कागदपत्रं मागितल्यापासून 72 तासांत देणं डॉक्टरांवर 2002 च्या नियमावलीने बंधनकारक आहे. ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. आणि लक्षात ठेवा, 1949 चा हा कायदा सरकारी रुग्णालयांना लागू नाही. म्हणजे गरीब जिथे जातो, तिथे नागरिकांची नजर आणखी गरजेची आहे.

काही जण म्हणतील, प्रश्न विचारले तर डॉक्टर चिडतील आणि पेशंटचे हाल होतील. चांगला डॉक्टर चिडत नाही. तो उत्तर देतो, कारण त्यालाही दोन नर्स जास्त हव्या असतात. चिडतो तो, ज्याच्याकडे उत्तर नसतं, आणि ते भरतीच्या आधी कळलेलं बरं. उलट आपली रीत बघा: भरतीच्या वेळी एक प्रश्न नाही आणि मयत झाली की काचा फोडायला पन्नास जण. त्या फोडाफोडीने कुणाची खाला परत आली? डॉक्टरांवर हल्ला केला की 2010 च्या कायद्याने पोरं तुरुंगात जातात, आणि ज्या ढिलाईने माणूस गेला ती तशीच राहते.

“आपलं हॉस्पिटल” उभं राहावं म्हणून चंदा देणाऱ्यांनाही माझं सांगणं आहे. इमारतीसाठी द्या, पण उद्घाटनाच्या हारांसोबत हिशोबही मागा: नर्स किती, त्यातल्या नोंदणीकृत किती, आगीची तपासणी कधी झाली. याच शहरात ख्रिस्ती मिशनचं बूथ हॉस्पिटल आहे. करोनाच्या दिवसांत आपले किती लोक तिथून बरे होऊन आले! तिथे “आपलं” कोण होतं? सेवा होती, तेवढं पुरलं.

म्हणून प्रत्येक मोहल्ल्यात पाच तरुणांनी एक वही सुरू करावी. जवळच्या प्रत्येक हॉस्पिटलात जाऊन अदबीने बघावं: प्रमाणपत्र लावलंय का, त्याची मुदत संपलीय का, दरपत्रक दिसतं का, रात्री नर्स किती, जिन्यात सामान कोंबलंय का, बाथरूम स्वच्छ आहे का, बाईमाणसाची तपासणी पडद्याआड होते का. मालक कोणत्या जमातीचा हा रकाना वहीत नको. जे चांगलं करतात त्यांचं नाव जुम्याला आवर्जून सांगा, आणि जिथे खोट आहे तिथे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. पोच न घेतलेली तक्रार म्हणजे नुसती कुरकुर, आणि कुरकुर करण्यात आपण आधीच तरबेज आहोत.