न्यायासनावर कोण बसले आहे?

अमेरिकेत बलात्काराच्या खटल्यांत ज्यूरी बसते. नकली खटले उभारून केलेल्या अभ्यासांत स्त्री ज्यूरर पुरुषांपेक्षा पीडितेवर अधिक विश्वास ठेवतात, असे बहुतेक वेळा दिसले आहे. आपल्याकडे ज्यूरी उरलेली नाही. सारे न्यायाधीशच ठरवतात. म्हणून आम्ही विचारतो, हे न्यायाधीश कोण?

१९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन पुरुष न्यायमूर्तींनी दोन्ही पोलिसांना सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे संमती! १९९५ साली जयपूरच्या न्यायालयाने भंवरीदेवी प्रकरणात, उच्च जातीचा पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीवर बलात्कार करणार नाही, असा तर्क लढवला. हा कायदा नव्हे, ही मनुवादी मानसिकता होय.

मग न्यायासनावर स्त्री आली की प्रश्न सुटला? नाही. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या महिला न्यायमूर्तींनीच, बालिकेला कपड्यांवरून केलेला स्पर्श 'पोक्सो'खालील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो रद्द करावा लागला.

स्त्री असणे पुरेसे नाही. पण स्त्रियांना, त्यातही दलित-आदिवासी-बहुजन स्त्रियांना, वगळून बसलेले न्यायासन निःपक्ष कसे म्हणावे? उच्च व सर्वोच्च न्यायालयांत आजही आरक्षण नाही. प्रतिनिधित्व ही भीक नव्हे, न्यायाची पूर्वअट आहे. चळवळीने ही मागणी आता लावून धरली पाहिजे.