पिवळी किटली

यावेळचे पान बालमित्रांसाठी. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांना आजी-आजोबांनी चष्मा लावून वाचून दाखवावे.

गाडीच्या पाठीवर ‘टर्बो’ लिहिलेलं असतं, ते काय? मुलं विचारतात आणि आपण मोठी माणसं ‘जोरात पळते’ म्हणून सुटका करून घेतो. पण शर्यतीच्या रिंगणात नुसत्या जोराने फेरी लवकर पुरी होत नाही. रेनो या फ्रेंच कंपनीला हे शिकायला दोन वर्षं लागली, आणि तोवर लोक हसत होते.

लोहाराचा भाता आठवा. वारा घातला की कोळसा फुलतो. इंजिनातही जास्त हवा कोंबली की जास्त पेट्रोल जळतं. टर्बोमध्ये इंजिनाचा बाहेर पडणारा धूर एक लहान चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र हवा आत ढकलतं. म्हणजे वाया जाणाऱ्या धुराकडूनच भाता चालवून घ्यायचा! हा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो, तोही तेलाच्या पातळ थरावर तरंगत. तेलाचं महत्त्व आपल्या शनिवार तेल्यांना कोणी सांगावं?

फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा नियम असा होता की साधं इंजिन ३ लिटरचं चालेल, पण हवा दाबून भरणाऱ्याने १.५ लिटरचंच वापरायचं. बाकी सगळ्यांनी मोठं इंजिन घेतलं. रेनोने जुलै १९७७ मध्ये इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला लहान टर्बोवाली पिवळी गाडी उतरवली. टर्बो बिघडला, गाडी थांबली. पुढेही ती वरचेवर पांढरा धूर सोडत बंद पडे, म्हणून इंग्रजांनी तिला ‘पिवळी किटली’ नाव ठेवलं.

मोडतोड परवडली, खरी पंचाईत वळणावर होती. वळणाला चालक पाय उचलतो, धूर कमी होतो, चक्र मंदावतं. वळण संपताना पाय दाबला तरी क्षणभर काहीच नाही, आणि मग सगळा जोर एकदम! आडमुठ्या बैलासारखं: हाक मारली तर आधी उभा राहतो, मग उधळतो. सरळ रस्त्यावर कमावलेलं वळणावर जायचं. चालक ज्याँ-पिएर जाबुई स्वतः तंत्रज्ञही होता. तो वळण संपायच्या आधीच अंदाजाने पाय दाबायचा.

मार्च १९७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला त्याने सगळ्यात जलद फेरी मारून पहिल्या जागेवरून सुटायचा मान मिळवला. ते ठिकाण समुद्रापासून सुमारे दीड हजार मीटर उंच. विरळ हवेत इतर इंजिनं धापा टाकत होती, हिच्याकडे भाता होता. शर्यत मात्र पुरी झाली नाही.

मग दाब आणखी वाढवायचा? गॅरेजात आजही पुष्कळ जण तेच करतात. पण हवा दाबली की तापते (सायकलचा पंप हाताला लागतो ना, तसं), आणि तापलेल्या हवेने पेट्रोल अवेळी भडकून इंजिनात ठोके बसतात, पिस्टन वितळतात. म्हणून हवा आधी जाळीतून थंड करायची, आणि जास्तीचा धूर कुकरच्या शिट्टीसारखा एका झडपेतून सोडून द्यायचा.

रेनोने त्याच वर्षी युक्ती केली ती साधी. सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन रांगांत होते. एका मोठ्या टर्बोऐवजी प्रत्येक रांगेला एक लहान टर्बो दिला. मोठ्या जात्यापेक्षा लहान जातं लवकर फिरतं. ताकद पुष्कळ आधीपासूनच होती, आता ती वेळेवर येऊ लागली.

१ जुलै १९७९. फ्रान्समधलं दिजों, ८० फेऱ्या. फेरारीचा जिल व्हिलनव्ह सुरुवातीपासून पुढे होता. निम्मी शर्यत उलटल्यावर जाबुईने त्याला गाठलं, मागे टाकलं आणि सुमारे १५ सेकंदांनी जिंकला. टर्बो गाडीचा फॉर्म्युला वनमधला तो पहिला विजय. गाडी, चालक, टायर, पेट्रोल, सगळं फ्रेंच! गंमत म्हणजे शेवटच्या फेऱ्यांत व्हिलनव्ह आणि रेनोचाच दुसरा चालक रेने आर्नू चाकाला चाक घासत दुसऱ्या जागेसाठी भांडत होते. लोकांना आजही तीच झुंज आठवते. जाबुई बिचारा पुढे एकटाच गेला.