प्रमाणपत्र एक, परीक्षक दोन

भारत आणि संयुक्त अरब अमिराती यांच्यातील सर्वंकष आर्थिक भागीदारी करार १ मे २०२२ पासून अमलात आला आणि न्हावा-शेवाहून जेबेल अलीला जाणाऱ्या मालासाठी ‘सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’, म्हणजेच मूळदेश प्रमाणपत्र, अधिक मोलाचे ठरले. मात्र या प्रमाणपत्राचे परीक्षक दोन आहेत : बँक आणि सीमाशुल्क विभाग. दोघांच्या कसोट्या वेगळ्या आहेत आणि लेटर ऑफ क्रेडिटवर व्यवहार करणाऱ्यांची अडचण तेथेच सुरू होते.

बँकेचा व्यवहार मालाशी नसून कागदपत्रांशी असतो, हे ‘यूसीपी ६००’ या आंतरराष्ट्रीय नियमावलीचे मूलतत्त्व होय. माल खरोखर भारतात तयार झाला काय, हे बँक तपासत नाही. प्रमाणपत्रावर सही आहे काय, ते इन्व्हॉइसमधील मालाशी जुळते काय आणि लेटर ऑफ क्रेडिटमध्ये नमूद केलेल्या संस्थेनेच ते दिले आहे काय, एवढेच ती पाहते. संस्थेचा उल्लेखच नसेल, तर निर्यातदाराने स्वतः दिलेले प्रमाणपत्रही बँकेला चालते.

सीमाशुल्क विभागाला एवढे पुरत नाही. करारातील सवलत हवी असेल, तर कराराच्या नमुन्यातील आणि त्यासाठी अधिकृत केलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र लागते. भारतात अशा संस्थांमध्ये निर्यात तपासणी परिषदेचा समावेश होतो. चेंबर ऑफ कॉमर्स सामान्यतः देते ते बिगरसवलतीचे प्रमाणपत्र.

समजा, दुबईच्या आयातदाराने जुन्याच मसुद्यावरून ‘चेंबर ऑफ कॉमर्सचे प्रमाणपत्र’ अशी अट घातली. निर्यातदाराने ती तंतोतंत पाळली, बँकेने पैसे दिले. पण एक लाख डॉलरच्या मालावर नेहमीच्या पाच टक्के दराने पाच हजार डॉलरचे शुल्क आयातदाराच्या माथी बसले. उलट, निर्यातदाराने केवळ तपासणी परिषदेचे प्रमाणपत्र जोडले, तर शुल्क वाचेल. मात्र ही संस्था अटीत बसते काय, यावर बँक हरकत घेऊ शकते. चेंबरऐवजी उद्योग मंडळ, सीमाशुल्क अधिकारी किंवा व्यापार विभाग यांसारख्यांचे प्रमाणपत्र बँकांच्या प्रमाणित प्रथेत मान्य आहे. पण ‘यांसारख्या’ कोण, हा प्रश्न उरतोच.

बँकेला निर्णयासाठी पाच कामकाजी दिवस मिळतात. हरकत आल्यावर नवे प्रमाणपत्र मिळवून ते मुदतीत सादर करणे दरवेळी जमतेच असे नाही. म्हणून उपाय आधीच करावा. आयातदाराने अर्ज भरतानाच कराराचा आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा स्पष्ट उल्लेख करावा. निर्यातदाराने मसुदा माल चढवण्यापूर्वी वाचून आवश्यक ती दुरुस्ती मागून घ्यावी. सवलत सरकारांनी करारात दिली आहे. ती पदरात पडेल की नाही, हे बहुधा अर्जातल्या एका ओळीवर ठरते.