शिबिर झाले, चिठ्ठी दिली, माणूस गेला

दिवसकार्य आटोपल्यावर कपाट आवरताना घरच्यांच्या हाती एक गुलाबी चिठ्ठी लागते. वर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हात जोडलेला फोटो. खाली नाव, वय ४७, वजन, 'शुगर रँडम' आणि 'बीपी'च्या पुढे बॉलपेनने खरडलेला आकडा : १७२/१०८. तळाशी रबरी शिक्का : 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.' तारीख आठ महिन्यांपूर्वीची. माणूस झटक्याने गेला तेव्हा स्मशानात जो तो म्हणत होता, "काही त्रास नव्हता हो त्यांना." त्रास होता. तो मोजला होता, लिहिला होता, त्यावर शिक्काही मारला होता. त्यानंतर त्या माणसाला मांडवाबाहेर सोडून देण्यात आले.

अशी चिठ्ठी एखाद्याच घरात असते असे कुणी समजू नये. महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्याच्या गावी, कुठल्याही उपनगरात ती देवाच्या फोटोमागे, रेशनकार्डाच्या पिशवीत, मुलांच्या जुन्या वह्यांत पडलेली असते.

हे पत्रक त्या चिठ्ठीच्या विरोधात आहे. एका दिवसाचे 'मोफत महाआरोग्य शिबिर' भरवायचे, हजार दंडांना पट्टा गुंडाळायचा, आकडा हातात ठेवायचा आणि संध्याकाळी मांडव उतरवायचा, या प्रथेच्या विरोधात आहे. रविवारची सुट्टी सोडून तिथे राबणाऱ्या परिचारिकांविषयी किंवा तरुण डॉक्टरांविषयी इथे तक्रार नाही. त्यांची मेहनत मातीत घालणाऱ्या पद्धतीविषयी आहे.

हृदयविकार आपल्याकडे लवकर गाठतो हे वाचकांना नव्याने सांगायला नको. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने २००४ साली दाखवून दिले की पहिल्या झटक्याचा सुमारे नव्वद टक्के धोका तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातली चरबी, सुटलेले पोट, मनावरचा ताण, व्यायामाचा अभाव अशा मोजक्या नऊ गोष्टींत सामावलेला आहे. त्याच अभ्यासात पहिल्या झटक्याचे मध्यम वय दक्षिण आशियात ५३ निघाले, इतर देशांत ५९ च्या आसपास. सहा वर्षे आधी. मुलांची शिक्षणे आणि घराचे हप्ते अर्धवट असतानाचे हे वय आहे. धोका कशात आहे हे वीस वर्षांपासून ठाऊक आहे, तो कमी करणारी औषधे त्याहून जुनी आहेत, आणि तरीही प्रतिबंधाच्या नावाखाली आपल्याकडे मांडव पडतात.

त्या मांडवात काय चालते ते एकदा जवळून पाहावे. वेळ सकाळी दहा ते दोन. पाहुणे साडेअकराला येतात, तोवर रांग उन्हात. मग नारळ, दीपप्रज्वलन, भाषणे, आणि उरलेल्या दोन तासांत हजार-बाराशे माणसे. टेबलापाशी पोचलेला माणूस धापा टाकत, रांगेतल्या भांडणाने तापलेला. बाही वर करायला वेळ नाही म्हणून शर्टावरूनच पट्टा. हात अधांतरी, पाठ टेकलेली नाही, शेजारी स्पीकर दणाणतो आहे आणि मोजता मोजताच विचारले जाते, "काही त्रास?" आकडा लिहिला जातो. "बीपी वाढलंय काका, मीठ कमी करा. पुढचे या."

रक्तदाब असा मोजत नाहीत. पाच मिनिटे शांत बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, उघड्या दंडाला पट्टा बांधून, हात हृदयाच्या उंचीवर आधार देऊन, बोलू न देता, आणि एकदा नव्हे तर दोनदा मोजतात. वाढलेला दिसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजतात. नुसते बोलत राहिल्यानेही आकडा दहाच्या घरात वर जाऊ शकतो. म्हणजे या मांडवातून धडधाकट माणूस घाबरून घरी जातो आणि खरा रुग्ण "गर्दीमुळे वाढलं असेल" म्हणून निर्धास्त होतो. दोघांचीही पुन्हा गाठ पडत नाही, कारण पुन्हा भेटण्याची सोयच केलेली नसते.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात ३० ते ७९ या वयोगटात उच्च रक्तदाबाची जवळपास १९ कोटी माणसे आहेत. त्यांतल्या दर शंभरांपैकी ३७ जणांना आपल्याला हा विकार आहे हे ठाऊक आहे, ३० जण उपचार घेतात, आणि रक्तदाब ताब्यात आहे तो फक्त १५ जणांचा. शेवटचे दोन आकडे पुन्हा वाचावेत. उपचार घेणाऱ्या तिसांतल्या निम्म्यांचा रक्तदाब गोळी चालू असूनही ताब्यात नाही. या माणसांना रोग शोधून देणारा नको आहे. मात्रा पुरते का ते पाहणारा, दुसरी गोळी जोडणारा, संपलेली पट्टी पुन्हा हातात देणारा हवा आहे. शिबिरात यांतले काहीही होत नाही.

"पण ६३ जणांना ठाऊकच नाही, त्यांना शोधायला शिबिर नको का?" आयोजकांचा हा आवडता प्रश्न. शोधायला हवेच. पण शोधून पुढे काय करायचे याचा निकाल केशकर्तनालयांत लागलेला आहे.

अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातल्या ५२ केशकर्तनालयांत डॉ. रोनाल्ड व्हिक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब वाढलेली ३१९ कृष्णवर्णीय गिऱ्हाइके त्यांनी निवडली. निम्म्या दुकानांत केस कापणाऱ्याने गिऱ्हाइकाला समजावले : खाणेपिणे सांभाळ, डॉक्टरकडे जा. उरलेल्या दुकानांत प्रशिक्षित औषधतज्ज्ञ स्वतः येऊन बसला. तो खुर्चीपाशीच रक्तदाब मोजायचा, डॉक्टरांशी ठरलेल्या पद्धतीने गोळी सुरू करायचा, पुढच्या खेपेला पुन्हा मोजून मात्रा बदलायचा. सहा महिन्यांनी सल्ला मिळालेल्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ९ मिलिमीटरने उतरला होता. औषध मिळालेल्यांचा २७ ने. रक्तदाब १३०/८० च्या खाली आलेले पहिल्या गटात शंभरात बारा, दुसऱ्या गटात चौसष्ट.

शिक्क्यावरचा 'डॉक्टरांचा सल्ला घ्यावा' म्हणजे या प्रयोगातला पहिला गट, तोही केस कापणाऱ्याची ओळख, आपुलकी आणि दर खेपेची विचारपूस वगळून. वरचा रक्तदाब दहा मिलिमीटरने उतरला तर हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना सुमारे वीस टक्क्यांनी घटतात. सहा लाखांहून अधिक माणसांवरच्या १२३ चाचण्या एकत्र करून २०१६ साली हे मांडले गेले. एवढे हाताशी असताना कागदाचा तुकडा देऊन माणसाला वाटेला लावणे हा गुन्हा नसेल, पण त्याला सेवा म्हणायची हिंमत कुणी करू नये.

"ते अमेरिकेत चालते, आपल्या लोकांनाच पर्वा नाही." हा दुसरा आक्षेप, आणि सर्वांत चीड आणणारा. २०१७ च्या अखेरीस देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे त्यात होते. रीत साधी : ठरलेला उपचारक्रम, गोळ्यांचा पुरेसा साठा, डॉक्टरांच्या जोडीला परिचारिका आणि आरोग्यसेवक, घराजवळ पुनर्भेट, आणि प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद. महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या २४ केंद्रांमधल्या २१,८९५ रुग्णांचा हिशेब पुढे मांडला गेला. परत आलेल्यांमध्ये नोंदणीच्या वेळी २६ टक्क्यांचा रक्तदाब ताब्यात होता, पुढच्या भेटीत तो जवळपास ६० टक्क्यांचा झाला. मोठ्या रुग्णालयांपेक्षा प्राथमिक केंद्रांत सुधारणा दुपटीहून अधिक. पर्वा नसलेले म्हणतात ते लोक हेच.

त्याच हिशेबात आणखी एक आकडा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. ठरलेल्या तीन महिन्यांत परत आले ते ५१ टक्केच. नोंद, साठा, माणसे असे सगळे असूनही निम्मी माणसे गळाली, इतके हे काम चिकाटीचे आहे. मग जिथे नोंदच ठेवत नाहीत तिथे किती गळत असतील? आणि गळतात ती बेफिकिरीने नव्हे. बाह्यरुग्ण विभाग सकाळचा, म्हणजे गवंड्याची किंवा शेतमजुराची एक हजेरी बुडते. तिथे पोचल्यावर गोळ्या आठवड्याच्याच मिळतात, की पुढच्या आठवड्यात पुन्हा हजेरी बुडवा. त्यात शेजारी सांगतो, "गोळीची सवय लागते, जन्माची कटकट." या वाक्याला उत्तर द्यायला दहा मिनिटे लागतात. सवय लागत नाही, रक्तदाब हा बहुतेकांचा कायमचा सोबती असतो, गोळी थांबवली की तो परत चढतो, हे सावकाश समजावावे लागते. शिबिरात माणसाच्या वाट्याला मिनिटही येत नाही. चीनमध्ये ३२६ खेड्यांत हे काम खेड्यातल्याच वैद्यकसेवकांवर सोपवले, तेव्हा दीड वर्षाने त्यांच्या खेड्यांत ५७ टक्के रुग्णांचा रक्तदाब ताब्यात आला. नेहमीच्या पद्धतीच्या खेड्यांत २० टक्क्यांचा.

"काहीच नसण्यापेक्षा बरे ना?" नाही. सरसकट आरोग्य तपासण्यांनी मृत्यू टळतात का, याचा २०१९ साली घेतलेला आढावा उपलब्ध आहे. पंधरा चाचण्या, अडीच लाखांहून अधिक माणसे, आणि निष्कर्ष असा की एकूण मृत्यूंवर किंवा हृदयविकाराच्या मृत्यूंवर नुसत्या तपासणीचा परिणाम जवळपास शून्य. आपल्याकडच्या मांडवात तर त्याहून वाईट घडते. 'ईसीजी मोफत' असतो, तो नॉर्मल येतो, आणि रोज तंबाखू मळणारा मधुमेही माणूस वर्षभर सांगत फिरतो, "पट्टी काढली, हार्ट एकदम ओके." आरामात पडून काढलेली पट्टी रक्तवाहिनीतल्या थराविषयी बहुधा काहीच सांगत नाही. हे त्याला कुणी सांगितले नाही, आणि खोट्या भरवशाचा परवाना मात्र हातात दिला.

"पथ्य तर आम्ही सांगतोच." काय सांगता? फॉर्मवर 'धूम्रपान : हो/नाही' असते आणि मिश्री घासणारी बाई खरेपणाने 'नाही' म्हणते. राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणाच्या दुसऱ्या फेरीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत आणि धूरविरहित तंबाखू खाणारे २४ टक्के निघाले. गुटख्यावर २०१२ पासून बंदी असलेल्या राज्यात फॉर्म फक्त विडी-सिगारेटचे विचारतो, आणि मांडवाच्या मागच्या टपरीवर पुड्या लटकत असतात. मिठाचेही तेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅम म्हणते, आपल्या पोटात त्याच्या दुपटीच्या आसपास जाते. ते पापड, लोणचे, फरसाण आणि खारवलेल्या मासळीतून जाते. "मीठ कमी करा" ऐकून माणूस ताटातली चिमूट बंद करतो आणि बरणी तशीच ठेवतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईशी कुणी बोललेलेच नसते.

मांडवातून निघणारी आणखी एक वाट आहे. ज्याच्या खिशात विमा कार्ड आहे त्याला चिठ्ठीऐवजी फोन येतो : अँजिओग्राफी करून घ्या. प्रत्यक्ष झटका येत असताना अँजिओप्लास्टी जीव वाचवते, यात वाद नाही. पण तब्येत स्थिर असलेल्या ५,१७९ रुग्णांवरच्या आंतरराष्ट्रीय 'इस्केमिया' चाचणीत, २०२० साली, आधीच स्टेंट किंवा बायपास केल्याने झटके आणि मृत्यू औषधोपचारापेक्षा कमी झाले नाहीत. छातीतले दुखणे मात्र कमी झाले. गरिबाला कागद आणि विमाधारकाला कॅथलॅब. दोघांनाही रोजची गोळी, बंद झालेला तंबाखू आणि महिन्याची पुनर्भेट यांची गरज होती. ती कुणाचीच भागली नाही.

खर्चाचे रडगाणे तर कुणी गाऊच नये. शंभर रुग्णांना रोज दोन जेनेरिक गोळ्या वर्षभर द्यायच्या आणि गोळी दीड रुपयाला धरली, तर होतात १ लाख ९ हजार ५०० रुपये. मांडव, फ्लेक्स, साउंड, शाली आणि कार्यकर्त्यांचे जेवण यांचा हिशेब आयोजकांनी याच्या शेजारी मांडावा आणि चौकात लावावा.

यापुढे कुठलेही मंडळ, ट्रस्ट, रुग्णालय किंवा कार्यकर्ता शिबिरासाठी शाळेचे पटांगण, समाजमंदिर किंवा सोसायटीचा हॉल मागायला आला तर त्याला तीन गोष्टी लेखी मागाव्यात. रक्तदाब किंवा साखर वाढलेल्या प्रत्येकाची यादी कोण ठेवणार आणि त्याला दर महिन्याला फोन कोण करणार, त्याचे नाव. निदान पक्के झाल्यावर महिन्याभराच्या गोळ्या कुठल्या आरोग्य केंद्रातून, कुठल्या वेळी मिळणार, आणि ती वेळ कामावरून सुटल्यानंतरची आहे का, याचे उत्तर. आणि वर्षाने त्या यादीतल्या किती जणांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आला, किती जणांनी तंबाखू सोडला, याचा आकडा ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या फलकावर लावण्याची हमी. तिन्ही मिळाले तर हॉल फुकट द्यावा, खुर्च्या मांडायला मदतही करावी. एकही कमी असेल तर किल्ली देऊ नये. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून शिबिर ठरवणाऱ्या मंडळांच्या सभासदांनी हा विषय येत्या बैठकीतच मांडावा आणि इतिवृत्तात लिहून घ्यावा.