'रंग उघडणे' म्हणजे काय?



मध्यंतरी मालवणच्या बाजारात एका ब्युटी पार्लरपाशी आमच्या ओळखीची एक आई भेटली. सोबत मुलगी होती. रविवारी तिला बघायला पाहुणे यायचे होते. आई पार्लरवाल्या बाईंना म्हणाली, "बाय, चेडवाचो रंग जरा उघडता काय बघ." नर्सिंग शिकून नोकरीला लागलेली ती मुलगी खाली मान घालून उभी होती. आईचा हेतू वाईट नव्हता. पण तिचा शब्द आमच्या मनात राहिला.

रंग 'उघडतो' म्हणजे काय? तो आधी बंद होता काय? कातडीचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे येतो आणि ते उन्हापासून आपले रक्षण करते. उन्हाने आलेला काळपटपणा कमी होऊ शकतो, पण जन्माचा रंग क्रीमने बदलत नाही. म्हणून पार्लरमधील शब्द नीट समजून घ्यावेत. 'ब्लीच' म्हणजे गोरे करणे नव्हे, त्याने मुख्यतः चेहऱ्यावरची लव फिकट होते. 'फेशियल' म्हणजे चेहऱ्याची सफाई आणि मालिश. 'हर्बल' म्हणजे वनस्पतीपासून केलेले. ते निर्धोक असेलच असे नाही.

शब्दांची ही चूक कंपन्यांनाही सुधारावी लागली. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातून 'फेअर' हा शब्द जुलै २०२० मध्ये निघाला आणि ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. 'फेअर' म्हणजे गोरे, 'ग्लो' म्हणजे तकाकी. डबीवरून गोरेपणा गेला, पण आमच्या तोंडून तो कधी जाणार?

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली होती. गोरेपणासाठी क्रीम वापरणाऱ्या एकाच घरातील तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि तपासणीत त्या क्रीममध्ये पारा आढळला. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून कातडी फिकट दिसते. पण तो अंगात भिनतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा घालता येत नाही. तेव्हा ज्या डबीवर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नाही, ती घेऊ नका. स्टेरॉइडचे मलम हे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते चेहऱ्याला लावू नका.

आता थोडे आपल्या घरातले. वधू-वर परिचय मेळाव्यासाठी आपण जे परिचयपत्र भरतो, त्यात 'वर्ण' असा रकाना असतो. त्यापुढे 'गोरा', 'गहूवर्णी', 'सावळा' असे लिहितात. ज्या वर्णव्यवस्थेचे जोखड आपण १९५६ साली नागपूरला फेकून दिले, तोच शब्द आपण मुलीच्या नावाखाली कसा लिहितो? इथे 'वर्ण' म्हणजे रंग, हे आम्हांला ठाऊक आहे. पण माणसाची प्रत लावायचे काम दोन्हीकडे तोच शब्द करतो.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या माता-भगिनींना लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण सांगणारे दागिने टाका, स्वच्छ राहा असे सांगितले. तो बदल राहणीचा आणि स्वाभिमानाचा होता, कातडीचा नव्हता. धम्मपदातील धम्मट्ठवग्गात भगवान बुद्ध सांगतात की, हेवा, कंजूषपणा आणि कपट ज्याच्या ठायी आहे, तो नुसत्या गोड बोलण्याने वा रूपरंगाने सुंदर ठरत नाही.

पार्लरला जाण्यात काहीही गैर नाही. आपल्या कित्येक मुली हा धंदा शिकून स्वतःच्या पायावर उभ्या आहेत. त्या मुलींनीच हे आधी मनावर घ्यावे. गिऱ्हाइकाला 'गोरी करते' म्हणू नका, 'चेहरा स्वच्छ, टवटवीत करते' म्हणा. तेच खरे आहे, आणि खरे बोलणे ही सम्यक वाणी आहे. आईबापांनी परिचयपत्रातील तो रकाना कोरा ठेवण्यापेक्षा काढूनच टाकावा. त्या जागी मुलीचे शिक्षण आणि नोकरी जरा ठळक अक्षरांत लिहावी.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!