आकाश सर्वांचे, ताबा कोणाचा?

गेल्या हिवाळ्यात वसतिगृहाच्या गच्चीवर आकाशदर्शन चालू असताना प्रकाशबिंदूंची एक लांब रांग सरकत गेली. ते तारे नसून उपग्रह आहेत असे सांगताच सातवीतील एका मुलीने विचारले, "सर, तिथं जागा कोण देतं?"

कागदावरचे उत्तर स्पष्ट आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशाचा वापर सर्व देशांच्या हितासाठी व्हावयाचा आहे. मग तो देश विज्ञानात पुढारलेला असो वा मागे पडलेला. तेथे कोणत्याही राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. खासगी कंपन्यांच्या कृत्यांची जबाबदारीही संबंधित राष्ट्रावरच आहे.

परंतु मालकी नसली तरी ताबा असू शकतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगावे लागत नाही. पृथ्वीलगतच्या कक्षांत रेडिओ लहरी वापरण्याबाबत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे जो आधी येतो, त्याला अग्रक्रम मिळतो. स्पेसएक्सने मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे ६० उपग्रह एकाच अग्निबाणाने सोडले; आज त्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. ज्या देशांपाशी अद्याप अग्निबाणच नाही, ते पोहोचतील तेव्हा त्यांच्यासाठी काय उरलेले असेल?

प्रश्न गर्दीचाही आहे. फेब्रुवारी २००९ मध्ये सैबेरियाच्या वर अमेरिकेचा इरिडियम आणि रशियाचा निकामी कॉसमॉस उपग्रह एकमेकांवर आदळले व दोन हजारांवर मोठे तुकडे कक्षेत विखुरले. असा कचरा राष्ट्र पाहून धडकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीने २०१९ मध्ये २१ मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली खरी, परंतु ती ऐच्छिक आहेत.

या उपग्रहांमुळे दुर्गम पाड्यांपर्यंत इंटरनेट पोहोचू शकते, हे मी नाकारत नाही. माझा विरोध तंत्राला नाही, मर्यादा नसलेल्या ताब्याला आहे.

यावर उपाय अशक्य आहे असेही नाही. १९७६ मध्ये विषुववृत्तावरील आठ देशांनी बोगोटा येथे भूस्थिर कक्षेवर हक्क सांगितला. तो हक्क जगाने मान्य केला नाही. मात्र न्याय्य वाट्याची विकसनशील देशांची मागणी मागे पडली नाही. १९८५ व १९८८ च्या जागतिक परिषदांतून काही लहरींपुरती प्रत्येक देशाला त्या कक्षेत किमान एक जागा राखून ठेवण्याची योजना आली. जे तेथे घडले, ते खालच्या कक्षांबाबत का घडू नये? उपग्रहांच्या संख्येवर मर्यादा, निकामी उपग्रह खाली आणण्याची सक्ती आणि उशिरा येणाऱ्यांसाठी राखीव वाटा, हे तिन्ही बंधनकारक कायद्यात यावयास हवे.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आज अभियंते आहेत, वकील आहेत. त्यांनी या विषयाकडे केवळ विज्ञानाची बातमी म्हणून पाहू नये. समतेचे कलम लिहिले जाते तो अर्धा इतिहास. ते अंमलात आणणे हा उरलेला अर्धा. त्या मुलीला द्यावयाचे उत्तर त्या उरलेल्या अर्ध्यात आहे.