निवड आजीआजोबांची, करवत तरुणांची

ज्येष्ठ वाचकहो, डिसेंबरात अमेरिकेतील मुलांकडे असाल, तर नातवंडांसवे ख्रिसमसचे झाड तोडून आणावयास अवश्य जावे. घरी थांबल्याने पडण्याचे भय टळते. परंतु सहवासही हुकतो. ऑरेगन वा नॉर्थ कॅरोलायनातील मळ्यांत ६-७ फुटांचे झाड वाढण्यास सुमारे ७ ते १० वर्षे लागतात; ते पारखण्याचा मान तुमचा, करवत तरुणांची. ओली, उंचसखल जमीन आणि तोडलेल्या झाडांचे खुंट यांत पाय अडखळतो. म्हणून न घसरणारे बूट, काठी व कानटोपी असावी. मुलांनी चाल मंद ठेवावी, हात द्यावा. दमा असल्यास झाड घराबाहेरच इतरांकडून झटकून घ्यावे. फांद्यांवरील बुरशीच्या कणांनी धाप लागू शकते.